दोन मिनिटांत उडून जाणारी वस्तू

धुळे-सोलापूर महामार्गावर शहागड लागलं की गोदावरी जवळ आली हे कळतं. पूल ओलांडला की बीड जिल्हा, अलीकडे जालन्याचा अंबड तालुका. पुलाच्या अलीकडेच आमच्या मोटरसायकलचं मागचं चाक बसलं आणि पंक्चरच्या टपरीसमोर बाकड्यावर बसायची वेळ आली.

मालकानं लोखंडी पट्टीनं टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तिथं त्यानं खूण केली, ट्यूब पुसली, कानशीनं घासून खरखरीत केली आणि छोट्या डबीतलं सोल्यूशन बोटानं पसरलं. मग हात पुसून नुसता बसून राहिला. पॅच तिथंच बाजूला पडला होता. मी त्याच्याकडे बघतोय हे पाहून म्हणाला, "थांबा दोन मिनिटं. सुकल्याबिगर पॅच धरत न्हाई." आणि डबीचं झाकण घट्ट लावून ती वरच्या फळीवर, लहान पोराचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवून दिली.

त्या दोन मिनिटांत नक्की काय होतं? आपण "सुकलं" म्हणतो, पण सोल्यूशनमध्ये पाणी नसतंच. ते असतं द्रावकात विरघळवलेलं रबर. कशात टोल्युइन असतं, कशात हेक्झेन, कशात नॅफ्था. हे द्रावक रबराला पातळ करून ट्यूबच्या खरखरीत रेघांमध्ये नेऊन बसवतं आणि काम झालं की हवेत निघून जातं. मागे उरतं ते नुसतं रबर. म्हणजे पंक्चर काढण्यात सगळ्यात मोलाचा वाटा ज्याचा, ते काम संपल्यावर तिथं नसतंच. बाकड्यावर बसून मला आला तो गोडसर, डोक्यात चढणारा वास म्हणजे निघून जाणारं तेच द्रावक.

हाच वास रुमालात, पिशवीत कोंडून हुंगणारी मुलं आपल्याकडच्या रेल्वे स्टेशनांवर, पुलांखाली, भंगाराच्या दुकानांमागे दिसतात. व्हाइटनर, थिनर, सोल्यूशन, पेट्रोल. या नशेचा माल कुठल्या टोळीनं चोरून आणलेला नसतो. तो जहाजातून राजरोस उतरतो किंवा देशातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार होतो, कर भरून, पावती फाडून दुकानात येतो. मग सरकारचं या वस्तूवर लक्ष असतं की नसतं? आयात होताना कोण काय विचारतं? मी शोधत गेलो आणि जे सापडलं त्यानं थक्क झालो.

आधी टोल्युइनची ओळख करून घेऊ. सात कार्बन, आठ हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार. नाव आलं कोलंबियातल्या टोलू गावावरून. तिथल्या झाडाचा सुगंधी डिंक युरोपात औषध म्हणून जायचा, आणि एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांना त्या डिंकातून हे द्रव्य मिळालं. आज ते खनिज तेलातून निघतं. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ते वाढवतं, रंग आणि थिनर पातळ करतं, चामडं-रबर चिकटवणाऱ्या गोंदात असतं. टीएनटी या स्फोटकातला शेवटचा 'टी' म्हणजेही टोल्युइन.

आणि ते नाकातून आत गेलं की काय होतं? आपल्या फुप्फुसांतले सगळे वायुकोश उलगडून अंथरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, जवळजवळ एक बॅडमिंटन कोर्ट. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. पोटातून गेलेल्या वस्तूला यकृताचा पहारा ओलांडावा लागतो. वाफेला तो ओलांडावा लागत नाही. फुप्फुस, हृदय, मेंदू असा तिचा सरळ रस्ता, आणि तो काही सेकंदांत कापला जातो.

मेंदूत ती काय करते याचा पहिला धागा ऑलिव्हच्या तेलात सापडला. १८९९ मध्ये हान्स मेयर आणि १९०१ मध्ये चार्ल्स ओव्हर्टन या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक विलक्षण मेळ दाखवून दिला: एखादी वस्तू तेलात जितकी सहज विरघळते तितकी तिची गुंगी जास्त. ओव्हर्टननं हे बेडकांच्या पिल्लांवर पाहिलं होतं. पाण्यात वस्तू मिसळायची, आणि पिल्लं पोहायची कधी थांबतात ते बघायचं. ईथर असो, क्लोरोफॉर्म असो की साधं अल्कोहोल, नियम तोच. पेशींभोवतीचं आवरण स्निग्ध असतं, त्यामुळे तेलात रमणारी वस्तू तिथं पटकन शिरते. पुढे कळलं की खरी पकड पेशीच्या पडद्यातल्या प्रथिनांवर बसते, पण तेलाचा तो ढोबळ नियम अजूनही चकित करतो. मेंदूतल्या तारांवरचं वेष्टणही स्निग्धच. वर्षानुवर्षं टोल्युइन हुंगणाऱ्यांच्या मेंदूत नेमकं तेच वेष्टण झिजलेलं दिसतं. हेक्झेनची झळ हातापायांच्या नसांना बसते.

आता सरकारकडे वळू. टोल्युइनचं जहाज बंदराला लागलं की सीमाशुल्काच्या कागदावर आठ आकडे लिहिले जातात: २९०२३०००. यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे. रॉटरडॅमचा अधिकारी असो की न्हावा-शेवाचा, २९०२३० म्हटलं की दोघांनाही टोल्युइन कळतं.  

पण ओळख पटली म्हणजे अडवलं असं नव्हे. अडवणारे कायदे वेगळे, आणि त्यांतला सगळ्यात जुना आहे १९३४ चा पेट्रोलियम कायदा. या कायद्यात पेट्रोलियम म्हणजे कोणताही द्रवरूप हायड्रोकार्बन. त्यामुळे टोल्युइनही कायद्याच्या नजरेत पेट्रोलियमच. ज्याची वाफ २३ अंश सेल्सिअसच्या खालीच पेट घेते ते 'अ' वर्गात. टोल्युइनची वाफ ४ अंशांच्या आसपास पेटू शकते, म्हणजे अंबडच्या थंडीतल्या पहाटेसुद्धा. 'अ' वर्गातलं पेट्रोलियम परवान्याच्या अटी पाळल्याशिवाय आयात करता येत नाही. टाकी कशी असावी, टँकर कसा असावा, ठिणगी कुठे पडू नये, हे सगळं बघणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. म्हणजे या दारावरचा पहारेकरी आगीसाठी उभा आहे.

दुसरा पहारेकरी कोकेनसाठी उभा आहे. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा करार झाला. त्याच्या दुसऱ्या तक्त्यात टोल्युइनचं नाव आहे, ॲसिटोन, ईथर, हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या शेजारी. कारण? कोकाच्या पानांपासून कोकेन बनवताना ही रसायनं लागतात. म्हणजे जगानं टोल्युइनला अमली पदार्थांच्या करारात घेतलं ते त्याच्या स्वतःच्या नशेसाठी नव्हे, दुसऱ्याच एका नशेसाठी. हे वाचताना मी दोनदा थांबलो.

तिसरा पहारेकरी तर आकाशाकडे बघत उभा आहे. व्हाइटनरची गोष्ट घ्या. अमेरिकेत डॅलसमधल्या बेट नेस्मिथ ग्रॅहम या सेक्रेटरीनं टाइपिंगच्या चुका झाकायला घरच्या मिक्सरमध्ये पांढरा रंग घोटला. १९५६ पासून ती तो विकू लागली आणि १९७९ मध्ये तिची कंपनी पावणेपाच कोटी डॉलरला विकली गेली. पुढे अशा द्रवांत पटकन सुकणारं १,१,१-ट्रायक्लोरोइथेन सर्रास वापरात आलं. ते हुंगून जगभर मुलं दगावली. पण त्याच्यावर आंतरराष्ट्रीय बंधन आलं ते मॉन्ट्रियल करारामुळे, ते ओझोनचा थर खातं म्हणून. श्रीमंत देशांत १९९६ पर्यंत, विकसनशील देशांत २०१५ पर्यंत ते थांबवायचं ठरलं. भारतात त्यासाठी २००० साली ओझोन-नाशक द्रव्यांचे नियम आले आणि आयातीला परवाना लागू लागला. आकाश वाचवताना काही मुलंही वाचली असतील.

आग, कोकेन, ओझोन. मुलाच्या नाकासाठी उभा असलेला पहारेकरी कुठे आहे?

सहज मनात येतो तो १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा. अफू, गांजा, कोका आणि परिशिष्टात नावं दिलेली मनोविकारी द्रव्यं त्याच्या कक्षेत येतात. सोल्यूशन, थिनर, पेट्रोल त्यात नाहीत. हा कायदा ज्या दिवशी लागू झाला तो दिवस होता १४ नोव्हेंबर, बालदिन. आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालं तेव्हा दिसलं की मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त प्रमाणात आढळणारी नशा एकच आहे, हुंगायची. मोठ्यांत ०.५८ टक्के, १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. उपचारांची गरज असलेली मुलं देशभरात सुमारे ४ लाख ६० हजार, आणि अशी मुलं सर्वाधिक असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी सांगतं. त्या कलमाच्या शब्दांतही द्रावकाचं नाव नाही.

मग टाका ना ते नाव कायद्यात, असं मलाही पटकन वाटलं. पण शहागडच्या त्या टपरीचा विचार करा. एनडीपीएसमध्ये टोल्युइन घातलं तर पंक्चरवाला, चांभार, सुतार, रंगारी, सगळ्यांच्या हातात अमली पदार्थ येतो. अफूचा दुसरा उपयोग औषधापुरता. टोल्युइनचे उपयोग हजार, आणि नशा हा एक हजार एकावा. कायदा वस्तूला पकडू शकतो, पण इथं गुन्हा वस्तूत नसून हेतूत आहे. हेतूला आठ आकडी क्रमांक नसतो.

हा पेच सगळ्यात स्वच्छ दिसतो तो नायट्रस ऑक्साइडमध्ये. जोसेफ प्रीस्टलीनं १७७२ च्या सुमारास तो तयार केला. ब्रिस्टलमध्ये तरुण हम्फ्री डेव्हीनं १७९९ मध्ये तो स्वतः हुंगून बघितला आणि १८०० च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की शस्त्रक्रियेत याचा उपयोग होऊ शकेल. कुणी लक्ष दिलं नाही. चव्वेचाळीस वर्षं हा वायू जत्रेत लोकांना हसवत फिरला, तोवर इकडे माणसं शुद्धीत असताना त्यांचे पाय कापले जात होते. १८४४ मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्यानं तो हुंगून स्वतःचा दात उपटून घेतला, तेव्हा कुठे दार उघडलं. आज आपल्या शस्त्रक्रियागृहात निळ्या रंगाच्या सिलिंडरमध्ये तोच वायू असतो. औषध म्हणून आयात करायचा तर औषध कायद्याखालचा परवाना लागतो. पण क्रीम फेटायच्या छोट्या नळकांड्यांतही तोच असतो, आणि तिथं तो खाद्यपदार्थातला घटक ठरतो. नशेसाठी पुन्हापुन्हा हुंगला तर तो शरीरातलं बी-१२ निकामी करतो आणि मज्जारज्जू पोखरतो. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं, तिथं हा धोका आणखी मोठा.

नेदरलँड्सनं १ जानेवारी २०२३ पासून त्याची आयात, विक्री आणि बाळगणं बंद केलं, वैद्यकीय, तांत्रिक आणि खाद्य उपयोग वगळून. ब्रिटननं ८ नोव्हेंबर २०२३ पासून तो अमली पदार्थांच्या 'क' वर्गात टाकला, पण तिथंही स्वयंपाक्याला आणि डॉक्टरला मोकळीक ठेवावीच लागली. एकच नळकांडं, एकाच खोक्यातून उतरलेलं. कुणाकडे जाणार यावर ते मलईचं की गुन्ह्याचं हे ठरतं. बंदरावरच्या अधिकाऱ्याला नळकांडं दिसतं. ते कुणाच्या हाती जाईल, हे दिसणार कसं?

म्हणूनच मला वाटतं, या नशेवरचा खरा उपाय बंदरात सापडणार नाही. जिथं जिथं काही साधलं, तिथं वस्तूचं रूप किंवा तिच्यातला घटक बदलला होता.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जुलै २०१२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं व्हाइटनर आणि त्याच्या थिनरच्या बाटल्यांची किरकोळ विक्री बंद केली. व्हाइटनर विकायचं तर पेनाच्या किंवा तशाच साधनाच्या रूपात, ज्यातून थोडासाच द्रव बाहेर येईल. किती साधी कल्पना! द्रव आहे, विक्री आहे, विद्यार्थ्याची चूक झाकायची सोय आहे. फक्त रुमाल भिजवण्याइतकं एका दमात ओतता येत नाही. पंक्चरच्या सोल्यूशनला मात्र असं पेन मिळालेलं नाही.

अमेरिकेत मुलांच्या खेळण्यातली विमानं जोडायचा गोंद बनवणाऱ्या एका कंपनीनं १९६९ मध्ये आपल्या गोंदात मोहरीचा झणझणीत अर्क घातला. तडतडती मोहरी नाकात गेल्यावर काय होतं हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको. विमान पूर्वीसारखंच चिकटायचं, हुंगणाऱ्याचं नाक मात्र मागे सरायचं.

आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातली गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तिथल्या आदिवासी वस्त्यांत मुलं डब्यात पेट्रोल घेऊन हुंगायची आणि मरायची. पेट्रोल बंद करायचं तर शेकडो मैलांच्या वाळवंटात गाडी कशी चालणार? वस्त्यांमधल्या बायाबापड्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. २००५ मध्ये तिथं 'ओपल' नावाचं पेट्रोल आलं. साध्या पेट्रोलमध्ये टोल्युइनच्या कुळातली द्रव्यं पंचवीस टक्क्यांच्या घरात असतात, ती यात पाच टक्क्यांवर आणली. गाडी धावते, झिंग जवळजवळ येत नाही. सरकारनं दरातला फरक स्वतः सोसला, २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्या वस्त्यांमधलं हुंगणं फार मोठ्या प्रमाणात घटलं. मुलाच्या हातातला डबा हिसकावण्याऐवजी त्यांनी डब्यातली वस्तू बदलली.

टपरीवर दोन मिनिटं झाली. मालकानं बोटाच्या उलट्या बाजूनं ट्यूब चाचपली, पॅच ठेवला, हातोडीनं हलके ठोके दिले. परत पाण्यात बुडवली. एकही बुडबुडा नाही. पैसे देताना मी डबी एवढ्या वर का ठेवता म्हणून विचारलं. "पोरं येत्यात रस्त्यावरची," तो म्हणाला, "मी न्हाई देत." परवाना नाही, अधिसूचना नाही. फळी उंच आहे, एवढंच.

स्टेशनरी, हार्डवेअर, रंगाचं किंवा सायकलचं दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे: तुमचीही फळी एवढीच उंच असू द्या. एकटं पोर वरचेवर सोल्यूशन किंवा थिनर मागायला आलं तर देऊ नका, आणि त्याला हाकलूनही लावू नका. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला फोन करा. दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत.

आणि एखादं मूल रुमाल तोंडाशी धरून बसलेलं दिसलं तर त्याच्यावर ओरडू नका, त्याच्यामागे धावू नका. ही वाफ हृदयाला इतकं हळवं करून ठेवते की भीतीनं किंवा पळण्यानं अंगात उसळलेलं ॲड्रिनलिन त्याची लय एकाएकी बिघडवू शकतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं अशा ११० अचानक मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली होती. हळू आवाजात बोला, मोकळ्या हवेत न्या, शेजारी बसा. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा.